दीड गोळीची आई

मी मास्तरांची धाकटी कात्री बोलतेय. कात्री हे आपलं म्हणायला. खरं तर मी प्लॅस्टिकची एक चपटी डबी आहे, तळहातावर मावेल एवढी. झाकणाच्या आत एक पातं आणि खाली गोळी बसवायची खाच. गोळी खाचेत ठेवायची, झाकण दाबायचं, टक् असा आवाज येतो आणि एकाचे दोन होतात. उरलेला तुकडा ठेवायला माझ्या पोटात एक चिमुकला कप्पाही आहे. त्या कप्प्याचं मागाहून सांगेन. आधीच सांगितलं तर मला पुढचं बोलवणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यासारख्या ढिगाने बहिणी होत्या आणि एकीचं तोंड दुसरीपेक्षा वेगळं नव्हतं. तिथून खोक्यात, खोक्यातून औषधाच्या दुकानात. तिथे मला एका खिळ्याला टांगून ठेवलं. एका बाजूला कंगवे, दुसऱ्या बाजूला टाचेच्या भेगांचं मलम. टांगल्या टांगल्या मी माणसं पाहिली. औषध घ्यायला आलेला माणूस आधी इकडेतिकडे बघतो, ओळखीचं कुणी नाही ना याची खात्री करतो आणि मग हळूच चिठ्ठी पुढे सरकवतो. जाता जाता एक प्रश्न मात्र हमखास विचारतो, "दोन घेतल्या तर लवकर बरं वाटेल का हो?"

औषधवाला गमत्या होता. तो म्हणायचा, "गूळ घालाल तितकं गोड, ते तुमच्या स्वयंपाकघरात. इथे अति तेथे माती." मला तेव्हा ऐकून हसू यायचं. आता येत नाही.

एके दिवशी करडा कोट घातलेली एक ठेंगणीशी बाई दुकानात आली. तिच्या कोटाचा एक खिसा दुसऱ्यापेक्षा बोटभर वर होता. ती म्हणाली, "गोळी कापायचं काही असतं का तुमच्याकडे? सुरीने कापली की अर्धी हातात येते, अर्धी कपाटाखाली जाते. आमच्या घरातले उंदीर यांच्यापेक्षा जास्त औषध खातायत."

"मग उंदरांना गुण आला का?"

"आला तर! पळतात बघा कसे. यांनाच तेवढं पळता येत नाही."

हसता हसता तिने रुमाल काढून डोळे टिपले. औषधवाल्याने मला खिळ्यावरून उतरवलं आणि मी त्या कोटाच्या वरच्या खिशात बसून घरी आले. घरात तिला सगळे आई म्हणायचे, म्हणून मीही तिला आईच म्हणते.

घर म्हणजे जिन्याच्या वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी शिलाईयंत्र, कापड बेतायचं लांब टेबल, आणि भिंतीवर खिळ्याला लटकवलेली मोठी काळी कात्री. मास्तर त्या टेबलामागच्या खुर्चीत बसलेले. शिंपीकामात त्यांचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं, असं आई सांगायची. मी पाहिला तेव्हा तो हात मांडीवर थरथरत होता. त्यांना कंपवात होता. हात कापतो हे एक झालं, पण त्याहून वाईट म्हणजे सगळं अंगच जखडतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. माणसाला चालायचं असतं, पण पायांना ते कळत नाही.

मास्तरांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "भिंतीवरची ती थोरली कात्री," ते म्हणाले, "आणि ही धाकटी. थोरलीने कापड कापून पोट भरलं, आता धाकटीने गोळ्या कापून भरायचं." तेव्हापासून हे नाव पडलं ते पडलं.

खिशाचा किस्साही मला पहिल्याच दिवशी कळला. तो कोट मास्तरांनीच आईसाठी शिवला होता. शिवून झाला तेव्हा खिसे वरखाली झालेले दिसले. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. दुखणं आलं ते असं, खिशातून आलं. ते उसवून पुन्हा लावायला निघाले, तर आईने कोट हिसकावून घेतला. म्हणाली, "राहू दे. वरच्यात किल्ली, खालच्यात रुमाल. शोधायला सोपं." पुढे हिवाळा असो नसो, बाहेर निघाली की तो कोट अंगावर असायचाच.

तिसरं माणूस म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. अंगाने काटकुळी, म्हणून मास्तर तिला सुई म्हणत. तिचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. त्याविषयी घरात कुणी बोलत नसे. दात तपासणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ती आलेल्यांना नंबर द्यायचं काम करायची. स्वभावाने आईवर गेलेली, म्हणजे तोंडाने फटकळ आणि आतून मऊ. अशा दोघी एका छताखाली असल्या की भांड्याला भांडं लागायचंच.

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. फिकट पिवळी गोळी, मधोमध रेघ. मी ती रेघेवर अचूक कापायची. अर्धी गोळी पोटात गेली की वर्तमानपत्राची दोन पानं वाचून होईपर्यंत मास्तरांचे पाय मोकळे व्हायचे. ते उठायचे, खिडकी उघडायचे, रस्त्यावरून जाणाऱ्यांचे सदरे बघून नावं ठेवायचे. "खांदा बघ त्याचा. हँगर काढायचा विसरला वाटतं." आई हसायची आणि मला स्वच्छ पुसून फळीवर ठेवायची. अर्ध्या गोळीत एवढं सगळं मावायचं.

पण औषध रिकाम्या पोटी घेतलं की आतडी जळतात, अशी आईची ठाम समजूत होती. ती कुठून आली कोण जाणे, पण तिच्यापुढे ब्रह्मदेवाचंही चाललं नसतं. गोळीबरोबर ती पेलाभर दूध द्यायची. ते दोन भांड्यांत खालीवर ओतून कोमट करायची आणि वर दोन उकडलेली अंडी. "अंगात ताकद असेल तर औषध लागू पडेल ना," ती म्हणायची. मास्तर निमूटपणे गोळी दुधाच्या घोटाबरोबर गिळायचे. त्या दुधात तिचा जीव होता.

वर्षं गेली. अर्धी गोळी पुरेना. डॉक्टरीणबाईंनी एक केली. एक पुरेना, तेव्हा दीड केली. मी एक गोळी कापायची, अर्धी अख्ख्या गोळीला जोडून मास्तरांच्या हातावर जायची आणि उरलेली अर्धी माझ्या कप्प्यात दुसऱ्या दिवसासाठी राहायची. तरीही मास्तरांचे पाय दुपार व्हायच्या आत चिकटायचे. कधी गोळी लागू पडायची, कधी घेतली न घेतली सारखीच.

दवाखान्यात मी नेहमी आईच्या खिशातून जायची. एकदा डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. आधी आडवी, मग वर चढणारी, मग पुन्हा आडवी. त्या म्हणाल्या, "औषधाचं असं असतं, मास्तर. थोडं दिलं तर काहीच होत नाही. मग एका टप्प्यावर थोडं वाढवलं तरी गुण झपाट्याने चढतो. आणि वर पोचलं की कितीही घाला, गुण वाढत नाही, त्रास तेवढा वाढतो."

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "ही तर बाहीच्या मुंढ्याची अर्धी बाजू."

बाई हसल्या. त्यांनी उजवीकडे तशीच दुसरी रेघ काढली. "ही त्रासाची. अंग आपोआप वळवळतं, नसलेलं दिसायला लागतं. गुणाची रेघ अलीकडे, त्रासाची पलीकडे, आणि मधल्या जागेत तुम्ही राहायचं. पहिल्या वर्षांत ही जागा ऐसपैस असते. पुढे अरुंद होत जाते."

"म्हणजे शिवणीत सोडलेली माया संपत आली म्हणा," मास्तर म्हणाले. "आता सैल करायला कापड नाही."

"तसंच. पण मला एक कळत नाही. एवढ्या गोळीत तुम्ही जिना चढून-उतरून यायला हवं. नियमित घेता ना?"

"एक दिवस चुकलेली नाही," आई ताठ बसून म्हणाली. ते खरंच होतं. दुधाचं तिने सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, दुधाचं डॉक्टरांना काय सांगायचं, हे कुणाच्या डोक्यात येणार? आणि बाईंनीही विचारलं नाही.

आता त्या सकाळकडे येते.

आई दूध ओतत होती. मास्तर खुर्चीत जखडून बसले होते. सुई कामावर जायच्या घाईत, तोंडात केसांचा चाप, हातात चपला. आईने पेला मास्तरांच्या तोंडाला लावला, तसा सुईचा संयम सुटला.

"आई, त्यांना स्वतःच्या हाताने पिऊ दे ना! सांडलं तर सांडलं. पार तान्हं बाळ करून ठेवलंयस तू त्यांचं."

"सांडलेलं पुसायला तू थांबणार आहेस का?"

"तुला तेच हवंय. सगळं तुझ्याशिवाय अडावं."

आई पेला खाली ठेवून म्हणाली, "बरं. मग उद्यापासून तूच बघ."

सुईने दार ओढून घेतलं. रोज जाताना ती "येते" म्हणायची. बाहेर पडताना या घरात कुणी 'जाते' म्हणत नसे. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. आईने दाराकडे बघितलं, मग मास्तरांना गोळी दिली. उरलेली अर्धी माझ्या कप्प्यात ठेवली, मला पुसलं, कोट घातला आणि भाजी आणायला खाली उतरली. भाजीच्या दुकानात पिशवी पुढे करतानाच ती खाली बसली आणि तिथेच संपली. हृदय बंद पडलं म्हणाले. कोट कुणीतरी घरी आणून दिला. सुईने तो दारामागच्या खुंटीला अडकवला आणि नंतर त्याला हात लावला नाही.

उद्यापासून तूच बघ, असं माणसं रोज कुणाला ना कुणाला रागाने म्हणतात. त्यातला उद्या असा कुणाला खराखुरा येऊ नये.

दुसऱ्या सकाळी सुईने मला उघडलं. कप्प्यात आईने ठेवलेली अर्धी गोळी होती. तो तुकडा तिला मास्तरांना देववेना. तिने नवी गोळी काढून कापली. आईचा तुकडा माझ्या पोटात तसाच राहू दिला.

दूध तापवायचं तिच्या ध्यानात नव्हतं. चूल पेटवायचं त्राणच नव्हतं घरात. तिने दीड गोळी पाण्याबरोबर दिली.

आणि मास्तर उठले.

उठले म्हणजे कसे! आधार न घेता. खोलीभर फिरले, खिडकी उघडली. दारावर भेटायला आलेली माणसं चाट पडली. ज्याच्या बायकोला जाऊन दोन दिवस झाले नाहीत तो माणूस येणाऱ्याला स्वतः खुर्ची ओढून देतोय, हे बघून लोकांनी मान वळवून भुवया उंचावल्या. मास्तर स्वतः ओशाळले. "अगं सुई," ते हळूच म्हणाले, "मला बरं का वाटतंय? आज कसं बरं वाटतं मला?" त्याचं उत्तर तेव्हा फक्त माझ्या शेजारच्या कोरड्या पेल्यात होतं आणि तेही मला तेव्हा समजलेलं नव्हतं.

मग हळूहळू अंग वळवळायला लागलं. खांदा उचलायचा, मान आपोआप फिरायची, बसल्या जागी पाय नाचायचे. आणि एका दुपारी, जेवणं झाल्यावर, मास्तर खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "अगं, कोट काढ की. उकडत नाही का तुला?"

सुईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "कोण आहे, बाबा?"

"कोण म्हणजे? तुझी आई."

सुई शहाणी मुलगी. डॉक्टरीणबाईंचं 'नसलेलं दिसायला लागतं' हे वाक्य तिनेही आईकडून ऐकलेलं होतं. त्याच संध्याकाळी दवाखान्यात फोन करायला हवा होता. तिने फोन हातात घेतलाही. मग खाली ठेवला आणि खुर्चीसमोर जमिनीवर बसून विचारलं, "खिसा कोणता वर आहे?"

"उजवा. मीच शिवलाय, मला विचारतेस?"

मग ती रडली. तिला आई दिसत नव्हती, पण बाबांना दिसत होती, आणि बाबा समोर होते. तेवढ्यावर तिने समाधान मानलं. मी तिला दोष देत नाही. भुकेल्याला कुणी ताटाचं चित्र दाखवलं तरी तो एकदा बघतोच.

दीड गोळी घेतली की आई यायची. खुर्चीत बसायची, मास्तरांकडे बघून हसायची, कधी उठून यंत्राला फडकं मारायची. बोलायची मात्र नाही. सुई रोज विचारायची, "काही म्हणाली?"

"नाही गं. नुसती बघते."

"माझ्याकडे बघते?"

"तुझ्याकडेच तर."

"रागाने?"

मास्तर डोळे बारीक करून बघायचे. शिंपी माणूस, मापात खोटं बोलायची सवय नाही. "कळत नाही," ते म्हणायचे. सुईचा चेहरा पडायचा. डॉक्टरीणबाईंनी फोनवर चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, "बाबा चालतायत. छान आहेत." तेही खरंच होतं, आईच्या 'एक दिवस चुकलेली नाही' इतकंच खरं.

ती सुट्टीची दुपार होती. सुईने मला उघडलं. दीड गोळी हातावर काढली. मग कप्प्यातला आईचा अर्धा तुकडा बाहेर घेतला, त्याच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं आणि माझ्या खाचेत ठेवला. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळलं. दीड गोळीवर आई दिसते, म्हणजे अजून थोड्याने बोलेल. गूळ घालाल तितकं गोड. मला ओरडावंसं वाटलं, पण माझ्या तोंडून टक् खेरीज काही निघत नाही. झाकण दाबलं गेलं. अर्ध्याचे दोन पाव झाले. एक पाव तिने मास्तरांच्या हातावर ठेवला, दुसरा परत माझ्या पोटात गेला.

"आज जास्त आहे का गं?" मास्तरांनी विचारलं.

"थोडीशी. बाबा, आज तिला विचाराल? मी 'येते' न म्हणता गेले होते. ती रागावलीय का, एवढंच विचारा."

मास्तरांनी मान हलवली आणि गोळी गिळली.

काही वेळाने आई आली असावी. मास्तरांचा चेहरा उजळला. तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी उतू गेल्याचा वास आला आणि सुई आत धावली. ती आत असतानाच मास्तर उभे राहिले. अंग सगळं वळवळत होतं, तरी पाय हलके पडत होते. दार उघडं होतं. "हो, हो, आलो," ते म्हणाले. मग जिन्यावरून काहीतरी जड घरंगळल्याचा आवाज झाला.

सुई धावली तेव्हा ते मधल्या वळणावर पडले होते. उजवा हात अंगाखाली मुडपलेला. त्यांना वेदना कळत नव्हत्या बहुतेक. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "बोलली गं आज. म्हणाली, मी पुढे होते, तुम्ही या सावकाश."

एवढंच ती बोलली. ज्यासाठी सुईने गोळी वाढवली ते नाही.

मोडला तो मास्तरांचा कात्रीचा हात होता. मनगटापासून प्लास्टर. सुईने मला पर्समध्ये टाकून नेलं, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. या वेळी तिने डॉक्टरीणबाईंपासून काही राखून ठेवलं नाही. खुर्ची सांगितली, कोट सांगितला, पाव तुकडा सांगितला. बाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, "गोळी कशाबरोबर देतेस?"

"पाण्याबरोबर. आई दुधाबरोबर द्यायची. वर दोन अंडी."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. "रोज?"

"रोज. का?"

"दूध, अंडी यांतली प्रथिनं आणि हे औषध एकाच दाराने आत जातात. दारात गर्दी झाली की औषध बाहेर ताटकळतं. इतकी वर्षं मी गोळी वाढवत गेले आणि अर्धंअधिक दारातच अडत होतं. आई गेल्या, दूध थांबलं, आणि तीच दीड गोळी एकदम सगळी आत गेली." त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या आईची चूक नाही यात. मी एकदाही विचारलं नाही."

सुई म्हणाली, "म्हणजे तिला कळलं असतं तर बाबा तिच्यासमोर चालले असते?"

पर्सच्या अंधारात माझं पातं गार पडलं होतं. त्या दुधाच्या पेल्याला मी रोज शेजारी पाहिलं होतं. तो कोमट करताना तिची बोटं भाजायची.

"आता कमी करत जाऊ," बाई म्हणाल्या. "एकदम नाही, पायरीपायरीने. शेवटी अर्धी, पण दिवसातून जास्त वेळा. खाण्याआधी, पाण्याबरोबर. तेवढ्यात ते चालतील आणि अंगही स्थिर राहील."

"आणि आई?"

"ती येणार नाही, बाळा."

घरी आल्यावर सुईने मास्तरांना सगळं सांगितलं. दुधाचं मात्र सांगितलं नाही. मास्तर ऐकून म्हणाले, "एक दिवस थांबूया का?" मग तिच्याकडे आणि प्लास्टरकडे बघून स्वतःच म्हणाले, "नको. शिलाई उद्यावर टाकली की उद्याही तीच राहते. काप."

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. थोरली कात्री भिंतीवर गंजत होती. ती सुटली म्हणायची. माझं पातं रोज चालत होतं. सव्वा गोळीवर आई खिडकीकडे तोंड करून बसायला लागली. "पाठ दिसते नुसती," मास्तर म्हणाले, "शिवण सरळ आलीय मात्र पाठीची." एका गोळीवर ती खुर्चीत नव्हती. दारामागच्या खुंटीवरचा कोट तेवढा कधीमधी भरल्यासारखा वाटायचा. बाह्यांत हात असल्यासारखा. मास्तर जेवता जेवता थांबून त्याच्याकडे बघायचे. पाऊण गोळीवर त्यांनी एकदा विचारलं, "सुई, तो कोट आत्ता हलला का?" सुई म्हणाली, "वारा असेल, बाबा." खिडक्या बंद होत्या.

अर्ध्या गोळीवर कोट फक्त कोट राहिला.

ते पहिल्यांदा कळलं त्या सकाळी मास्तर खूप वेळ खुंटीकडे बघत बसले. पाय मोकळे होते, मान स्थिर होती, हात शांत. इतक्या वर्षांत गोळी अशी बेतशीर कधी बसली नव्हती. मग त्यांच्या डोळ्यांतून धार लागली आणि ती पुसायला उजवा हात वर गेला नाही, प्लास्टर जड होतं. सुईने पदर नाही, रुमाल नाही, स्वतःच्या तळव्याने त्यांचे गाल पुसले. "पाव दे गं," ते म्हणाले, "एकच पाव. मी उठणार नाही, बांधून ठेव मला खुर्चीला." तिने त्यांचं डोकं पोटाशी धरलं आणि नुसती नाही नाही म्हणत राहिली. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी मागितलं नाही.

सुई मात्र दिवसेंदिवस आटत चालली. कामावर जाताना दारात थांबायची, खुंटीकडे तोंड करून "येते" म्हणायची आणि उत्तराची वाट बघितल्यासारखी क्षणभर उभी राहायची. मास्तर खुर्चीतून ते बघायचे. त्या घरात बघण्याखेरीज फारसं काम उरलेलं नव्हतं, त्यांना आणि मलाही.

कालचीच गोष्ट. सकाळी तिने गोळी कापली. अर्धी. मी स्वतः कापलीय, रेघेवर, रतीभर इकडे नाही की तिकडे नाही. मास्तरांनी ती डाव्या हाताने घेतली, स्वतःच्या हाताने पाणी प्यायले, थोडं सांडलं. सुई संध्याकाळी परत आली तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते.

"आज आली होती," ते म्हणाले.

सुई दारातच थबकली. "कोण?"

"तुझी आई. या खुर्चीत बसली. मी विचारलं तिला तुझं ते."

सुईने माझ्याकडे बघितलं. मी फळीवर होते, झाकण बंद. मग बाबांकडे. "काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, येते न म्हणता गेली म्हणून काय झालं? संध्याकाळी घरी आलीच ना ती. रागवायचं काय त्यात? म्हणाली, पोरगी वाळलीय, तिला जरा दूध-अंडी देत जा."

मास्तर तिच्याकडे न बघता बोलत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आयुष्यभर मापात इकडचं तिकडे न केलेला माणूस. अर्ध्या गोळीवर कुणी येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि स्वतःच्या हाताने गोळी कापणाऱ्या सुईला तर सगळ्यांत आधी ठाऊक होतं.

ती त्यांच्या पायाशी बसली. त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून म्हणाली, "कोट घातला होता?"

"घातला होता की."

"खिसा?"

"उजवा वर," मास्तर म्हणाले. डावा हात त्यांनी तिच्या केसांवर ठेवला. तो थरथरत होता. अर्धी गोळी तोवर उतरत आली होती.

माझं पातं आता बोथट झालंय. गोळी कापताना पूड फार पडते. लवकरच नवी डबी येईल, मी कचऱ्यात जाईन. त्याचं मला काही वाटत नाही. पण माझ्या पोटात अजून तो पाव तुकडा आहे, आईने ठेवलेल्या अर्ध्यातला. फिकट पिवळा होता, आता पांढरट पडलाय. मास्तरांना तो माहीत आहे, सुईलाही. दोघंही माझं झाकण उघडताना त्याच्याकडे बघत नाहीत. मला टाकशील तेव्हा, सुई, आधी तो काढून घे. मला त्याला असं एकटीने घेऊन जायचं नाही.